दिसतं तसं नसतं : ड्रायव्हर आणि जुळणीची नोंद

इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात तापमान मोजणारी एक छोटी चिप मिळते. मटाराच्या दाण्याएवढे काळे प्लास्टिक, एक बाजू सपाट, दुसरी गोलसर आणि खाली तीन पाय. पाहणाऱ्याला तो साधा ट्रान्झिस्टरच वाटावा. तिचे नाव ‘डीएस१८बी२०’; तिच्या सपाट बाजूवर बारीक अक्षरांत ते ‘१८बी२०’ असे छापलेले असते. हिचीच एक बहीण आहे, ‘डीएस१८एस२०’. आकार तोच, पायांचा क्रम तोच, जोडणी तीच, एवढेच काय, दोघींना द्यायच्या आज्ञाही त्याच. फरक दिसतो तो फक्त मधल्या एका अक्षरात. दोन्ही चिप्स मूळच्या अमेरिकेतील डॅलस सेमिकंडक्टर या कंपनीच्या. ही कंपनी २००१ साली मॅक्सिम कंपनीत आणि मॅक्सिम २०२१ साली ॲनालॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाली.

आता प्रश्न असा : पहिल्या चिपसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या चिपला चालेल का? ‘चालेल’ असे उत्तर देण्यापूर्वी नेमके काय तपासावे लागते आणि तपासल्यावर काय लिहून ठेवावे लागते, हे या लेखात पाहू. विषय संगणकाचा आहे, पण त्यातली शिस्त प्रत्येक विज्ञानशिक्षकाच्या परिचयाची आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

धुलाईयंत्र, विजेचा डिजिटल मीटर, शीतपेटी, रक्तदाब मोजणारे यंत्र या सर्वांच्या पोटात आज एक छोटासा संगणक बसवलेला असतो. त्याला ना पडदा असतो ना कळफलक. नेमून दिलेले एकच काम तो आयुष्यभर करत राहतो. बाहेरच्या जगाची माहिती त्याला सेन्सरकडून मिळते. पण प्रत्येक सेन्सरची बोलण्याची रीत वेगळी. म्हणून मुख्य प्रोग्राम आणि सेन्सर यांच्यामध्ये एक दुभाषा ठेवावा लागतो. प्रोग्रामचा हा दुभाषी भाग म्हणजे ड्रायव्हर. मुख्य प्रोग्राम नुसते विचारतो, “तापमान किती?” ते कसे विचारायचे, उत्तरासाठी किती थांबायचे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, ही सगळी जबाबदारी ड्रायव्हरची.

आपल्या चिपशी होणारा संवाद एकाच तारेवरून चालतो. प्रथम ड्रायव्हर ती तार निदान ४८० मायक्रोसेकंद शून्य व्होल्टवर धरून ठेवतो. ही झाली हाक. मग चिप क्षणभर तार खाली ओढून ‘हजर’ म्हणते. त्यानंतर ड्रायव्हर ‘मोज’ अशी आज्ञा देतो, पाऊण सेकंद थांबतो आणि ‘सांग’ अशी दुसरी आज्ञा देतो. उत्तरादाखल चिप नऊ बाइट पाठवते. पहिल्या दोन बाइटांत तापमानाचा आकडा असतो, तर शेवटच्या बाइटमध्ये पडताळणीचा. वरच्या दोन्ही बहिणींच्या बाबतीत येथपर्यंत सारे सारखेच आहे.

एकच तापमान, दोन आकडे

फरक पडतो तो तापमानाच्या आकड्यात. डीएस१८एस२० ही चिप अर्ध्या अंशाच्या पायऱ्यांनी मोजते. म्हणजे तिने पाठवलेल्या पूर्णांकाला ०.५ ने गुणले की सेल्सिअस अंश मिळतात. डीएस१८बी२० मात्र नेहमीच्या मांडणीत ०.०६२५ अंशाच्या, म्हणजे एका अंशाच्या सोळाव्या हिश्श्याच्या, पायऱ्यांनी मोजते.

समजा खोलीचे तापमान २५ अंश आहे. पहिली चिप पाठवील ५० आणि दुसरी ४००. द्विमान पद्धतीत लिहिले तर ५० म्हणजे ११००१० आणि ४०० म्हणजे ११००१००००. दुसऱ्या संख्येत तेच अंक आहेत, फक्त शेवटी तीन शून्ये वाढली आहेत. दशमान पद्धतीत एक शून्य वाढले की संख्या दसपट होते, तशी द्विमान पद्धतीत दुप्पट होते. तीन शून्यांनी ती आठपट होते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर सोडवायला द्यावे.

आता ड्रायव्हर आणि चिप यांची जोडी चुकली तर काय होईल? डीएस१८बी२० ने पाठवलेले ४०० जर ड्रायव्हरने ०.५ ने गुणले, तर खोलीचे तापमान २०० अंश दिसेल. हे कोणाच्याही लक्षात येईल. उलट डीएस१८एस२० ने पाठवलेले ५० जर ०.०६२५ ने गुणले, तर उत्तर येईल ३.१२५ अंश. उन्हाळ्यात वर्गातल्या तापमापकाने ३ अंश दाखवले तर मुले हसतील आणि दोष सापडेल.

पण हाच तापमापक शीतपेटीत बसवला असला तर? आपल्याकडे लशी साठवण्यासाठी २ ते ८ अंश ही तापमानाची मर्यादा पाळतात. समजा वीज जाऊन पेटी बंद पडली आणि आतले तापमान २५ अंशांवर गेले. चुकीच्या जोडीचा ड्रायव्हर पडद्यावर ३.१ अंश दाखवील. हिरवा दिवा लागलेलाच राहील आणि धोक्याची घंटा वाजणार नाही. उघड चुकीच्या आकड्यापेक्षा असा पटण्याजोगा चुकीचा आकडा कितीतरी अधिक घातक असतो.

बर्फातली चाचणी

तापमापी तपासण्याची शाळेतली रीत आपल्याला ठाऊक आहे. वितळत्या बर्फात ती ठेवायची आणि शून्य दाखवते का ते पाहायचे. वरच्या चुकीच्या जोडीला हीच चाचणी लावू. शून्य अंशाला दोन्ही चिप्स शून्यच पाठवतात. शून्याला ०.५ ने गुणा, नाहीतर ०.०६२५ ने, उत्तर शून्यच. म्हणजे चुकीचा ड्रायव्हर बर्फाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो!

यावरून लक्षात येईल की ‘आम्ही तपासले, चालते’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. कोणत्या तापमानाला तपासले, हे सांगितल्यावरच त्याला अर्थ येतो. सरळ रेषा ठरवायला निदान दोन बिंदू लागतात, हे भूमितीतले ज्ञान येथे उपयोगी पडते.

दोन बिंदूही नेहमी पुरत नाहीत. शून्याखालचे तापमान ही चिप ‘दोनच्या पूरका’च्या पद्धतीने पाठवते. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मांडता येतात. त्यांतल्या वरच्या अर्ध्या ऋण संख्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. उणे १० अंशासाठी डीएस१८बी२० ने पाठवायचा आकडा आहे उणे १६०. तो तारेवरून येतो ६५,५३६ वजा १६०, म्हणजे ६५,३७६ या रूपात. ड्रायव्हर लिहिणारा ही गोष्ट विसरला, तर तो या संख्येला सोळाने भागून ४,०८६ अंश असे उत्तर देईल. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाकडे झुकणारे! मुंबईत वर्षभर बाहेरचे तापमान मोजत बसलो तरी हा दोष कधीच उघडकीस येणार नाही, कारण तेथे पारा शून्याखाली जातच नाही. तोच ड्रायव्हर मासळीच्या शीतगृहात बसवला की पहिल्याच दिवशी बिघडेल. लाडाखमध्ये हिवाळ्यात बिघडेल. ड्रायव्हर बदलला नाही, चिपही बदलली नाही. बदलली ती फक्त परिस्थिती.

चिपचे आडनाव

मग ड्रायव्हरने समोरची चिप ओळखावी कशी? यासाठी कारखान्यातच प्रत्येक चिपमध्ये ६४ बिटांचा एक क्रमांक कायमचा कोरलेला असतो. त्यातले पहिले ८ बिट म्हणजे चिपचा कुलसंकेत, मधले ४८ बिट म्हणजे तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचे ८ बिट पडताळणीसाठी. कुलसंकेत म्हणजे एक प्रकारे चिपचे आडनाव. षोडशमान पद्धतीत लिहिल्यास डीएस१८एस२० चा कुलसंकेत १० आहे आणि डीएस१८बी२० चा २८. चांगला ड्रायव्हर आधी हे आडनाव विचारतो आणि मगच कशाने गुणायचे ते ठरवतो.

येथे प्रश्न सुटला असे वाटेल. पण गावोगावचे कुलकर्णी जसे एकाच घराण्यातले नसतात, तशीच चिप्सचीही गत आहे. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत या तापमापक चिप्ससाठी एक ड्रायव्हर आहे. त्याच्या सोबतचे टिपण कोणालाही वाचता येते आणि ते वाचण्यासारखे आहे. मॅक्स३१८५० या चिपचा कुलसंकेत डीएस१८२५ या चिपच्या कुलसंकेताएवढाच, म्हणजे ३बी, असल्याचे त्यात नोंदले आहे. दोन्ही चिप्स बहुतांशी जुळतात. पण मॅक्स३१८५० नेहमी १४ बिटांत मोजते आणि तिच्या मांडणीच्या बाइटमधले वरचे चार बिट सदैव १ असतात.

जीएक्स२०एमएच०१ या दुसऱ्या एका कंपनीच्या चिपचा कुलसंकेत डीएस१८बी२० प्रमाणेच २८ आहे. तीही सर्वसाधारणपणे जुळते. पण वीज मिळताच ती १४ बिटांच्या अचूकतेने सुरू होते आणि ते वाढीव बिट वेगळ्या जागी ठेवते. याच टिपणात आणखी एक महत्त्वाचे वाक्य आहे. या चिपच्या माहितीपत्रकात मोजणीसाठी दिलेला वेळ अपुरा पडतो, तो वाढवावा लागतो, असे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. निर्मात्याचे माहितीपत्रक काय म्हणते आणि प्रत्यक्ष चिप काय करते, यांतला फरक कोणीतरी मोजला आणि लिहून ठेवला. त्या एका वाक्याने पुढच्या कितीतरी लोकांचे दिवस वाचले असतील.

बाजारात डीएस१८बी२० या नावाने नकली चिप्सही मिळतात. त्यांच्यावर छापलेले नाव तेच, आडनावही तेच. तीन तारांनी जोडल्या तर त्यांतल्या पुष्कळशा ठीक चालतात. मूळ चिपला मात्र दोनच तारांवर, माहितीच्या तारेतूनच वीज घेऊन, काम करण्याची सोय आहे. बांडगूळ जसे झाडाच्या रसावर जगते तसे. ही सोय काही नकली चिप्समध्ये चालत नाही. म्हणून ‘चालते’ असे लिहिताना जोडणी दोन तारांची होती की तीन तारांची, हेही लिहावे लागते.

दोन फसवे आकडे

या चिपकडून येणारे दोन आकडे विशेष फसवे आहेत. पहिला आहे ८५. वीज मिळाल्याबरोबर आणि पहिली मोजणी होण्यापूर्वी चिपच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा ठेवलेला असतो. मोजणीची आज्ञा पोचली नाही, किंवा मोजणी चालू असताना वीज क्षणभर कमी पडली, की ड्रायव्हरला ८५ मिळतात. काही जण यावर सोपा उपाय करतात : ८५ आले की फेकून द्यायचे. पण सौरचुलीतले पाणी तापत तापत खरोखरच ८५ अंशांवर पोचले तर? तो खरा आकडाही फेकला जाईल. तेव्हा ड्रायव्हर ८५ चे काय करतो, हे नोंदीत असलेच पाहिजे.

दुसरा आकडा शून्य. नवव्या बाइटमधली पडताळणी ही दुकानदाराच्या बिलाखालच्या बेरजेसारखी असते. रकमा आणि बेरीज जुळली नाही तर वाटेत काहीतरी बिघडले असे समजायचे. आता समजा माहितीची तार चुकून जमिनीच्या तारेला चिकटली. सगळे बिट शून्य येतील. सगळ्या रकमा शून्य आणि बेरीजही शून्य, म्हणजे हिशेब बिनचूक! या चिपची पडताळणी साध्या बेरजेची नसून अधिक कसून केलेली असते, तरीही सर्व शून्यांपुढे ती फसते. तार तुटली किंवा सैल झाली तर सगळे बिट १ येतात आणि पडताळणी ती चूक पकडते. पण तार जमिनीला चिकटली तर ड्रायव्हर शांतपणे शून्य अंश सांगत राहतो. नऊच्या नऊ बाइट शून्य आले तर तो निकाल नाकारायचा, अशी वेगळी तपासणी ड्रायव्हरमध्ये घालावी लागते.

नोंद कशी करावी?

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जुळते ती नुसती चिप नव्हे. अमुक छापाची चिप, अमुक जोडणीत, अमुक परिस्थितीत, ड्रायव्हरच्या अमुक आवृत्तीशी जुळते. यांतला एक जरी तपशील गाळला तरी दुसऱ्याला ती नोंद वापरता येत नाही. म्हणून आम्ही पुढील मुद्दे लिहावेत असे सुचवतो :

१) चिपवरचा संपूर्ण छाप आणि तिने सांगितलेला कुलसंकेत. पाकिटावरचे नाव पुरेसे नाही.
२) वीजपुरवठा किती व्होल्टचा, तारा दोन की तीन, तारेची लांबी, जोडलेला रोध.
३) संगणकाचा बोर्ड कोणता, ड्रायव्हरची आवृत्ती कोणती.
४) कोणकोणत्या तापमानांना तपासले आणि कशाशी ताडून पाहिले.
५) मुद्दाम बिघाड केल्यावर काय झाले. म्हणजे तार काढली, जमिनीला चिकटवली, वीज क्षणभर तोडली, तेव्हा ड्रायव्हरने काय सांगितले.
६) काय तपासले नाही.
७) तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख.

नमुन्यादाखल एक नोंद अशी असू शकेल : ‘छाप १८बी२०, कुलसंकेत २८. वीज ५ व्होल्ट, तीन तारा, तार २ मीटर, रोध ४.७ किलो-ओहम. उणे ८, ०, २७ आणि ५२ अंशांना काचेच्या तापमापीशी ताडले, फरक १ अंशाच्या आत. तार काढल्यास चूक कळवतो. तार जमिनीला चिकटवल्यास ० अंश दाखवतो, हा दोष आहे. दोन तारांची जोडणी, एका तारेवर अनेक चिप्स आणि ५२ अंशांच्या वरचे तापमान तपासलेले नाही.’

यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. बहुतेक याद्यांमध्ये ‘चालते’ आणि ‘चालत नाही’ असे दोनच रकाने असतात. त्यामुळे न तपासलेली गोष्ट कोठल्या तरी एका रकान्यात ढकलली जाते, बहुधा ‘चालते’ मध्येच. तिसरा रकाना हवा तो ‘काही अटींवर चालते’ हा आणि चौथा ‘तपासले नाही’ हा. चौथा रकाना भरायला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पुढच्या माणसाने काम कोठून सुरू करावे, हे तोच रकाना सांगतो.

एका अग्निबाणाची गोष्ट

न लिहिलेल्या अटी किती महाग पडू शकतात, याचे प्रसिद्ध उदाहरण अवकाशविज्ञानात आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून युरोपचा एरियान-५ हा नवा अग्निबाण पहिल्यांदाच उडाला. त्याची दिशा आणि गती सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम आधीच्या एरियान-४ वरून घेतलेला होता. तेथे तो उत्तम चालला होता. त्या प्रोग्राममध्ये आडव्या गतीशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवलेली होती. चिन्हासह १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ ही संख्या मावते. एरियान-४ च्या मार्गावर ही मर्यादा ओलांडली जाणे शक्य नव्हते. एरियान-५ ची आडवी गती सुरुवातीलाच बरीच जास्त होती. संख्या मावली नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्राम असल्याने तीही बंद पडली. प्रज्वलनानंतर सुमारे ३७ सेकंदांनी अग्निबाण एकाएकी वळला, मोडला आणि नष्ट झाला.

चौकशी समितीच्या अहवालात नोंदवलेली एक बाब आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. ही संख्या मर्यादेत राहील, हे गृहीत विचारपूर्वक धरलेले होते. पण त्यामागचे कारण प्रोग्राममध्ये जागच्या जागी लिहिलेले नव्हते. ते इतर कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात दिसेनासे झाले. शिवाय नव्या अग्निबाणाच्या मार्गाचे आकडे देऊन या यंत्रणेची परीक्षाही घेतली गेली नव्हती. ‘एरियान-४ च्या गतीपर्यंतच तपासले आहे’ एवढी एक ओळ योग्य जागी असती, तर कोणीतरी ती वाचून थबकले असते.

वर्गात काय करता येईल?

२०१६ नंतर देशातल्या अनेक शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या. जेथे त्या आहेत तेथे हा प्रयोग सहज करता येईल. पण एक छोटा बोर्ड, एक चिप आणि एक रोध एवढेच साहित्य असले तरी पुरे. पाण्यात बुडवायची असेल तर पोलादी नळीत बंद केलेली चिप घ्यावी. सुटी चिप पाण्यात घातली तर तिच्या पायांमधून वीज वाहून निकाल बिघडतो.

मुलांचे तीन-चार गट करावेत. प्रत्येक गटाने वितळता बर्फ, नळाचे पाणी, कोमट पाणी आणि बर्फ-मिठाचे मिश्रण यांत तापमान मोजावे, काचेच्या तापमापीशी ताडावे आणि वरील सात मुद्द्यांनुसार नोंद करावी. मग गटांनी वह्यांची अदलाबदल करावी. दुसऱ्या गटाची नोंद वाचून, त्यांना एकही प्रश्न न विचारता, तीच मांडणी पुन्हा उभी करून तोच निकाल मिळवून दाखवायचा. जेथे अडले तेथे नोंदीत काय राहून गेले, ते लाल शाईने लिहायचे.

आमचा अंदाज असा की पहिल्या फेरीत लाल शाई बरीच लागेल. रोध किती ओहमचा होता हे कोणी लिहिलेले नसेल, कोणी तारीख विसरलेला असेल, आणि ‘तपासले नाही’ हा रकाना जवळजवळ सर्वांचा कोरा असेल. दुसऱ्या फेरीत तो भरू लागला की समजावे, मुले प्रयोगवही परीक्षकासाठी न लिहिता पुढच्या प्रयोग करणाऱ्यासाठी लिहू लागली आहेत.